मूळ रानाचे, फळ मळ्यातले

टोमॅटोला पाणी वेळेवर मिळते, खतही मिळते. तरी दुपारच्या उन्हात रोप मान टाकते, पाने पिवळी पडतात, फळे बारीक राहतात. रोप उपटले की उलगडा होतो. मुळांवर मण्यांसारख्या गाठीच गाठी! हा प्रताप सूत्रकृमींचा.

डोळ्यांना न दिसणारा हा कृमी मुळात शिरून तिथेच ठाण मांडतो. एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिनाभरात नवी पिढी तयार होते. वांगी, मिरची, भेंडी यांवरही तो पोसतो. त्यामुळे टोमॅटोऐवजी यातली दुसरी भाजी लावूनही सुटका नाही. जमिनीत सोडायची औषधे खर्चिक, शिवाय उपयोगी जीवांनाही मारणारी.

मग उपाय कोणता? उत्तर सापडले टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांत. दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी टोमॅटोला हा कृमी बाधत नाही. त्याचा आपल्या टोमॅटोशी संकर केला, तर बी धरत नसे. कॅलिफोर्नियातील पॉल स्मिथ यांनी कोवळा भ्रूण काचपात्रात वाढवून ही अडचण दूर केली आणि 1944 मध्ये ते काम प्रसिद्ध केले. त्यातूनच ‘एमआय’ हे जनुक लागवडीच्या टोमॅटोत आले. कृमी जिथे तोंड लावतो, तिथल्या पेशीच मरतात आणि तो उपाशी राहतो. मात्र जमिनीचे तापमान 28 अंशांवर गेले की हे कवच ढिले पडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे नेहमीचेच!

खुंट बदला

दुसरी वाट कलमाची. महाराष्ट्रातले द्राक्ष बागाईतदार ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात, तसेच हे. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने टोमॅटोसाठी ‘ईजी 203’ हे वांग्याचे खुंट सुचवले आहे. तमिळनाडूत जिची फळे वाळवून तळतात, ती काटेरी सुंडक्काईही वांग्याच्याच कुळातली. सूत्रकृमींना दाद न देणारी म्हणून ती खुंटासाठी वापरतात. वांग्याशी तिचे विशेष जमते.

खुंट आणि टोमॅटोचे रोप तिरके कापून चिमट्याने जोडायचे, काही दिवस दमट सावलीत ठेवायचे. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला, तर टोमॅटोलाच मुळे फुटतात आणि कृमीला दार उघडे होते.

अडचणी आहेतच. सुंडक्काईचे बी सावकाश आणि मागेपुढे उगवते, म्हणून ते आधी पेरावे लागते. कलमी रोप साध्यापेक्षा महाग पडते. म्हणून आधीचे पीक काढताना चार मुळे उपटून पाहावीत. गाठी नसतील, तर हा खर्च कशाला? असतील, तर मात्र त्याचा विचार जरूर करावा.

आणि हो, बांधावरचे काटेरी झुडूप निरुपयोगी म्हणून तोडण्याआधी क्षणभर थांबावे. उद्याच्या टोमॅटोचे मूळ कदाचित तेच असेल.