सिबिल बिघडलंय? आधी अहवाल काढा

तेलगावच्या साखर कारखान्याचं ऊसबिल आलं की थकीत पीककर्ज फेडता येतं. सिबिल मात्र लगेच वर चढत नाही. हे पतगुण ३०० ते ९०० दरम्यान असतात. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. बँकेशी तडजोड करून सूट घेतली, तर नोंद ‘सेटल्ड’ अशी पडते, ‘क्लोज्ड’ नव्हे. पुढच्या बँकेला ती खुपतेच. पूर्ण फेड केली असेल तर बेबाकी दाखला घ्या. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पैसे घेऊन ‘सिबिल साफ’ करून देणारे एजंट? खरी नोंद त्यांनाही पुसता येत नाही. कर्जाची माहिती या कंपन्यांना दर पंधरवड्याला कळवणं १ जानेवारी २०२५ पासून बँकांना बंधनकारक झालं.