तारामतीची भूमिका आणि दुर्गाबाई खोटे

वसईच्या किल्ल्यात चित्रीकरण सुरू असले म्हणजे आजही बघ्यांची गर्दी जमते. नायगावच्या बाजूला मालिकांची चित्रीकरणगृहे उभी राहिल्यापासून तर वसई-विरार परिसराला हा व्यवसाय परका राहिलेलाच नाही. या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मुलीविषयी शेजारीपाजारी आता कुजबुज होत नाही. परंतु ही स्थिती फार जुनी नव्हे. १९३१ साली मुंबईतील एका प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात लहानसे काम केले, तेव्हा तिला केवढी अवहेलना सोसावी लागली, हे श्रीमती दुर्गाबाई खोटे यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हा राणी तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळू शकली नाही. अखेरीस उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवून उभे केले. मराठी रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत. बालगंधर्वांची लोकप्रियता सर्वश्रुतच आहे. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात भूमिका करून वाट मोकळी केली. वाट मोकळी झाली खरी, पण तिला प्रतिष्ठा मात्र लाभली नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबात झाला. कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. खोटे यांच्या श्रीमंत घराण्यात त्यांचा विवाह झाला. परंतु पुढे सासरची आर्थिक घडी विसकटली आणि पदरी दोन लहान मुलगे असलेल्या दुर्गाबाईंवर अर्थार्जनाची पाळी आली. तरुणपणीच त्यांना वैधव्यही आले. प्रारंभी त्यांनी शिकवण्या केल्या. मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटातील काम त्यांनी स्वीकारले, ते कलेच्या ओढीपेक्षा गरजेपोटी. जाहिरातीत मात्र त्यांच्या माहेरच्या व सासरच्या नावलौकिकाचाच उपयोग करण्यात आला. चित्रपट सुमार निघाला आणि टीकेचा सारा भडिमार दुर्गाबाईंवर झाला. या ठिकाणी एखादीने कायमची पाठ फिरविली असती, तर तिला दोष देता आला नसता.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम 'अयोध्येचा राजा' या बोलपटाची जुळवाजुळव करीत होते. त्यांनी तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंची निवड केली. कथा हरिश्चंद्राचीच, राणीही तीच. पण अण्णा साळुंके यांच्यानंतर एकोणीस वर्षांनी ती भूमिका एका सुशिक्षित, कुलीन स्त्रीकडे आली. त्या काळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटनटींनी स्वतःच गावयाचे आणि ते चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हावयाचे, असा प्रकार असे. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखे मातब्बर संगीतज्ञ होते. त्यांच्यासमवेत नवख्या दुर्गाबाईंनी मराठी व हिंदी अशा दोन्ही आवृत्त्यांतून काम केले. १९३२ साली हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाला आणि कालची निंदा स्तुतीत बदलली.

यानंतरचा त्यांचा निर्णय प्रस्तुत लेखकास अभिनयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तेव्हाचे कलावंत मासिक वेतनावर एकाच कंपनीशी बांधलेले असत. दुर्गाबाईंनी ही चौकट न मानता निरनिराळ्या संस्थांतून कामे स्वीकारली. कलकत्त्यास जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) हे चित्रपट केले. नंतर पुण्यास आलेल्या प्रभातच्या 'अमरज्योती' (१९३६) या चित्रपटात त्यांनी रंगविलेली सौदामिनी, पोटच्या मुलावरील हक्क नाकारणाऱ्या राज्यव्यवस्थेविरुद्ध बंड करून समुद्री चाच्यांची नायिका बनते. १९३७ साली 'साथी' या चित्रपटाची निर्मितीही त्यांनी केली.

रंगभूमीवर मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी' नाटकात त्यांनी आनंदीबाई साकार केली. ज्या राघोबादादांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी व वसई इंग्रजांस देऊ केली, त्यांचीच ही पत्नी; आणि १८०२ साली वसईचा तह करणारा दुसरा बाजीराव हा तिचा पुत्र. वसईकर शिक्षकांस इतिहासाच्या तासाला हा संबंध सांगण्यासारखा आहे. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट' या नाटकातही त्यांनी काम केले.

वय वाढल्यावर त्यांनी मातेच्या भूमिका स्वीकारल्या. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील, पती व पुत्र यांच्या संघर्षात सापडलेली जोधाबाई आजही प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली व १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार! वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. १९८८ साली दूरदर्शनवर गाजलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच निर्मितीसंस्थेची होती. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत उपलब्ध असून शाळांच्या व गावोगावच्या ग्रंथालयांनी ते अवश्य संग्रही ठेवावे. 'अयोध्येचा राजा' हा चित्रपटही काळाच्या ओघात नष्ट झालेला नाही. त्यातील तारामती आजही पाहता व ऐकता येते.