ट्रॉली मागे घेण्याची विद्या



हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली ओढून नेणारे ड्रायव्हर गावोगाव मिळतात. तीच ट्रॉली फडात नीट मागे घेणारा मात्र विरळा. आपल्या जिंतूर तालुक्यात एका बाजूला पूर्णाकाठची काळी चिकट जमीन, दुसऱ्या बाजूला नेमगिरीकडचा डोंगरउतार. वाटा अरुंद, बांध उंच, आणि फडाच्या तोंडाशी वळायला जागा नाही. त्यामुळे रिकामी ट्रॉली बऱ्याचदा रस्त्यावरून उलटीच आत घालावी लागते.

नेमके त्याच वेळी फडात तोडणीची टोळी असते. बाया मोळ्या बांधत वाकलेल्या असतात. एखादे लेकरू पाचटावर चादर टाकून निजवलेले असते. ट्रॅक्टरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि ट्रॉलीच्या पाठीमागचे ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून हा विषय नुसत्या वाहतुकीचा नाही, माणसांच्या जिवाचा आहे.

ट्रॉली उलटी का वळते, हे बैलगाडीवाल्याला चटकन कळेल. उभ्या गाडीचे जू उजवीकडे सरकवले, की गाडीची पाठ डावीकडे जाते. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच. रिव्हर्समध्ये स्टेअरिंग उजवीकडे फिरवले, की ट्रॅक्टरची पाठ उजवीकडे जाते, ती ट्रॉलीचा दांडा तिकडे ढकलते आणि ट्रॉलीची पाठ डावीकडे वळते. नव्या माणसाने एक युक्ती करावी. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा. ट्रॉलीची पाठ ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला तो हात सरकवावा. गोंधळ होत नाही.

ट्रॉली वळू लागली की स्टेअरिंग हळूहळू उलटे फिरवून ट्रॅक्टर तिच्या मागे घ्यावा. तसे न केल्यास ट्रॉली दुमडत जाते आणि दांडा ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला भिडतो. कोन फार झाला असे दिसताच थांबावे. चार हात पुढे जाऊन सरळ व्हावे व पुन्हा मागे यावे. यात कमीपणा काही नाही. अहो, पुढे-मागे करणाराच खरा ड्रायव्हर!

चारचाकी ट्रॉलीची गोष्ट निराळी. तिला हुकाशी एक आणि पुढच्या चाकांच्या फिरत्या चकतीशी दुसरा, असे दोन सांधे असतात. तिच्यामागे आणखी ट्रॉली जोडली की सांधे वाढतात आणि हिशेब हाताबाहेर जातो. डबल ट्रॉली उलटी घालण्याचा हट्ट धरू नये. मागची ट्रॉली सपाट जागी सोडावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, आणि एकेक ट्रॉली आत घ्यावी.

ही अडचण काही आपल्यापुरतीच नाही. विलायतेत पुष्कळ कुटुंबे सुट्टीला निघताना घरच्या मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून नेतात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून नव्याने परवाना घेणाऱ्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे, आणि तीत ट्रेलर मागे घेऊन दाखवावा लागे. डिसेंबर २०२१ मध्ये मोटारवाल्यांवरची ती सक्ती उठली. तरी शिकून घ्या, असा सल्ला तिकडे आजही दिला जातो. आपली ट्रॉली तर कॅराव्हॅनपेक्षा कितीतरी जड, आणि वाट शेतातली.

तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात:

१) मागे घेण्याआधी ड्रायव्हरने खाली उतरून ट्रॉलीभोवती एक फेरी मारावी. लेकरे कुठे आहेत, हे टोळीला विचारून डोळ्यांनी पाहावे.

२) इशारा देणारा माणूस एकच असावा. त्याने ट्रॉलीच्या मागे उभे राहू नये. ड्रायव्हरला दिसेल असे बाजूला उभे राहावे. तो दिसेनासा झाला की ट्रॅक्टर तत्काळ थांबवावा.

३) हुकात पिन घालताना ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्ये कोणी असताना क्लच सोडू नये.

४) ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच जोडावी. ओढ मागच्या आसापेक्षा उंच ठिकाणी घेतली, तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते व तो मागे उलटू शकतो.

५) रस्त्यावर डाव्या-उजव्या ब्रेकची पायदाने एकमेकांस जोडून ठेवावीत. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. खालच्या गिअरमध्येच उतरावी.

सभासदांचेही काम आहे. तोडणीच्या आधी साधारण पंधरा दिवस पाणी तोडावे, म्हणजे रान टणक होते. फडाच्या तोंडाचा बांध थोडा फोडून वाट रुंद करावी. शक्य तिथे एकीकडून आत व दुसरीकडून बाहेर अशी वाट ठेवावी, म्हणजे रिव्हर्सची वेळच येणार नाही. लेकरांसाठी बांधावर, झाडाखाली जागा ठरवून द्यावी आणि तिकडे ट्रॉली फिरकू देऊ नये.

घरचा मुलगा ट्रॅक्टर चालवीत असेल, तर परवाना आहे ना ते पाहावे. हंगामापूर्वी मोकळ्या रानात दोन दगड मांडून रिकामी ट्रॉली त्यांच्यामधून मागे घ्यायचा सराव त्याच्याकडून करून घ्यावा. दगडाला ट्रॉली लागली तर काही बिघडत नाही. शिकायचे ते तिथेच शिकावे.