लळा आणि लाड

मूल रडताक्षणी उचलले तर त्याला हाताची सवय लागते आणि मग ते खाली म्हणून राहत नाही, हा उपदेश बाळंतिणीच्या खोलीत इतक्या अधिकारवाणीने केला जातो की त्याविरुद्ध ब्र काढण्याची नव्या आईची प्राज्ञा नसते. हा समज केवळ आपल्या वडीलधाऱ्यांचा नव्हे. अमेरिकेतील जॉन वॉटसन या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली त्यावर शास्त्राचा शिक्का मारला आणि मुलांना कुरवाळू नये, मांडीवर घेऊ नये, सकाळी हस्तांदोलन तेवढे करावे, असे जणू फर्मानच काढले. (आपल्याकडची आजी निदान हा उपदेश करता करता स्वतःच पाळणा हलवीत असते.) पुढे मेरी एन्सवर्थ या विदुषीने बाल्टिमोरमधील २६ तान्ह्या मुलांचे घरोघर जाऊन निरीक्षण केले, तेव्हा ज्या आया पहिल्या महिन्यांत मुलाच्या रडण्याला चटकन ओ देत, त्यांची मुले वर्षाअखेरीस कमी रडतात असे आढळले. १९७२ च्या या निष्कर्षातील मोजमापावर वाद माजला हे खरे. पण जवळ घेतल्याने मूल बिघडते, ही फिर्याद काही शाबीत झाली नाही.

लळा लागतो तो दुधापोटी, या दुसऱ्या समजात तर फ्रॉइडचे अनुयायी आणि वर्तनवादी हे हाडवैरीही एकमताने सामील होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने माकडाच्या पिलांपुढे दोन कृत्रिम माता ठेवल्या, एक तारेची पण दुधाची बाटली लावलेली, दुसरी मऊ कापडाने मढविलेली पण कोरडी. पिले पहिलीकडे पोटापुरती जात आणि उरलेला सारा वेळ दुसरीला बिलगून काढीत. प्रयोग निर्दय होता, आणि माकडावरून माणसाचा निवाडा जपूनच करावा, तरी 'ज्याचे खावे त्याचेच व्हावे' हा न्याय वात्सल्याला लागू पडत नाही एवढे त्याने दाखविले.

या सर्वांहून घातक समज म्हणजे शांत मूल ते सुखी मूल. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ब्रिटिश रुग्णालयांत आईबापांना भेटीची मुभा कित्येकदा आठवड्यातून एकदाच असे, कारण भेटीनंतर मुले रडतात आणि वॉर्डचा बंदोबस्त ढळतो. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने अशी मुले दीर्घकाळ पाहिली होती. आधी ती आक्रोश करीत, मग निराश होऊन गप्प पडत, आणि अखेर अशी अवस्था येई की मूल हसे, खेळे, पण आई आली तर तिच्याकडे परक्यासारखे पाही; या अखेरच्या अवस्थेलाच परिचारिका 'मूल रुळले' म्हणत! रॉबर्टसनने १९५२ साली अडीच वर्षांची होऊ घातलेल्या एका मुलीचे रुग्णालयातील आठ दिवस चित्रपटात टिपले, तेव्हा प्रेक्षकांतील डॉक्टर मंडळी संतापली आणि आपल्या व्यवसायाची नालस्ती झाल्याची ओरड करू लागली; तथापि १९५९ मध्ये प्लॅट समितीने सरकारला दिलेल्या अहवालात आईबापांना निर्बंधांवाचून भेटू द्यावे अशीच शिफारस झाली.

आता लळ्याचा मक्ता एकट्या आईकडेच का? ग्लासगोमध्ये शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ६० अर्भकांचा अभ्यास केला; १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दीड वर्षाच्या वयाला केवळ एकाच व्यक्तीचा लळा असलेली मुले फार थोडी निघाली. वडील, आजी-आजोबा, भावंडे, शेजारीण हे सारे त्या मर्जीत वाटेकरी होते, आणि दिवसभर अंघोळ-पाणी करणाऱ्यापेक्षा मुलाच्या हावभावाला उत्सुकतेने प्रतिसाद देणारा माणूस अधिक जवळचा ठरे. नोकरीवर जाणाऱ्या आईला गुन्हेगार ठरविणाऱ्यांनी हा कागद अवश्य वाचावा.

राहता राहिला विधिलिखिताचा समज, की पहिल्या तीन-चार वर्षांत वाताहत झाली तर मूल जन्माचे कामातून गेले. याचे खापर जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांवर फुटते, आणि ते सर्वस्वी अन्यायाचे नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात त्यांनी मातृवियोगाच्या परिणामांचे चित्र फार गडद रंगविले होते. परंतु क्षयरोगाच्या आरोग्यधामात चार वर्षांच्या आत राहून आलेल्या ६० मुलांची त्यांनी पुढे शाळकरी वयात फेरतपासणी केली. काही मुले अधिक अंतर्मुख, काही अधिक आडदांड दिसली, मात्र बहुतेकांचे शील वा स्नेहभाव नष्ट झाल्याचा दाखला मिळाला नाही. पूर्वीची विधाने अतिरंजित होती, ही कबुली १९५६ च्या निबंधात बोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या नावानिशी दिली आहे.