राउटरच्या पोटात एचटॉप

लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा वाय-फाय राउटर २००२च्या अखेरीस आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत फ्लॅश ४ मेगाबाइट आणि रॅम १६ मेगाबाइट. आज मोबाइलवरचा एखादा फोटोही एवढी जागा अडवतो. पण आत लिनक्स होतं, आणि जीपीएल परवान्यामुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४मध्ये राउटरसाठी लिनक्स प्रणाली बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

त्याच वर्षी ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी एचटॉप प्रसिद्ध केलं. कोणती प्रक्रिया किती प्रोसेसर आणि किती मेमरी वापरते, ते रंगीत पट्ट्यांतून दाखवणारा हा प्रोग्राम. घरच्या संगणकावर तो एका कमांडने येतो. राउटरवरही तसाच येतो, पण त्यासाठी कुणीतरी आधी बरंच डोकं खपवलेलं असतं.

राउटरचा प्रोसेसर बहुधा मिप्स किंवा आर्म जातीचा. त्याच्यावरच प्रोग्राम बांधायला ना जागा पुरते, ना ताकद. म्हणून बांधणी लॅपटॉपवर करायची आणि चालवायचं राउटरवर; यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. अशा पॅकेजची कृती एका मेकफाइलमध्ये असते: मूळ कोड कुठून घ्यायचा, तो अस्सल असल्याची खूण म्हणून त्याचा हॅश, कोणते पर्याय चालू, कोणते बंद.

खरी कसोटी लागते ती अवलंबित्वांपाशी. एचटॉपला पडद्यावर रेखाटायला एनकर्सेस लायब्ररी हवी. तिला प्रत्येक टर्मिनलचं वर्णन लागतं, म्हणून टर्मइन्फो हवं. ही वर्णनं हजारोंनी आहेत. ओपनडब्ल्यूआरटीच्या पॅकेजमध्ये त्यांतली नेहमीची मोजकीच ठेवली आहेत. एखादं टर्मिनल त्यात नसेल, तर एचटॉप उघडतच नाही. काय गाळायचं हे ठरवणारा माणूस किती मोलाचं काम करतो, ते अशा वेळी कळतं.

फ्लॅशची रचनाही ध्यानात ठेवावी लागते. मूळ प्रणाली स्क्वॅशएफएसमध्ये घट्ट दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी. तिच्यातलं पॅकेज काढून टाकलं तरी जागा मोकळी होत नाही. नवी आवृत्ती घातली, तर ती वरच्या, लिहिता येणाऱ्या थरात वेगळी जागा घेते. त्यामुळे ४ मेगाबाइटच्या यंत्रावर एचटॉपचा हट्ट धरू नये. ओपनडब्ल्यूआरटीत आधीपासून असलेल्या बिझीबॉक्स या छोट्या कमांडच्या संचातलं साधं टॉप त्याच /प्रॉक फाइलींमधून आकडे वाचतं आणि वेगळी लायब्ररीही मागत नाही. १६ मेगाबाइट किंवा त्याहून मोठी फ्लॅश असेल, तर मात्र एचटॉप जरूर घालावं.

दिवसभराच्या नोंदी हव्या असतील तर कलेक्टडी हे पॅकेज आहे. फ्लॅशवर सतत लिहिलं की ती झिजते, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीत त्याचे आलेख मुळात रॅममधल्या /टीएमपीमध्ये साठतात. वीज गेली की ते पुसले जातात. जुना इतिहास हवा असणारे लोक मग कलेक्टडीच्याच नेटवर्क प्लगइनमधून आकडे दुसऱ्या संगणकाकडे पाठवतात.