परमुलखातील व्याज आणि हुंडणावळीचा धोका

घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीस असणे ही गोष्ट आता आपल्या लहानसहान गावांतही नवलाची राहिलेली नाही. त्यामुळे एके काळी पेढीवाल्यांपुरता असलेला एक प्रश्न आता थेट आपल्या माजघरात आला आहे. तो असा : परदेशातील बँक भरघोस व्याज देत असेल, तर शिल्लक तेथेच ठेवावी की मायदेशी धाडावी?

आमच्या नात्यातील एक तरुण इस्तंबूल येथे नोकरीस होता. इकडे त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज होते. २०२१ च्या आरंभी त्याने आम्हांस विचारले, "येथील बँक लिरांच्या मुदतठेवीवर १७ टक्के देते, आपल्याकडे ५ टक्के मिळतात. पैसे येथेच ठेवले तर काय बिघडले?" प्रश्न सरळ होता, आणि त्या वेळी आमच्यापाशी त्याचे सरळ उत्तर नव्हते. पुढे वर्षअखेरीस आम्ही हिशेब मांडला, तो येथे देतो.

त्या वर्षाच्या प्रारंभी एका लिरास सुमारे ९ रुपये ८० पैसे पडत. म्हणजे १ लाख लिरांचे ९ लाख ८० हजार रुपये झाले असते. ते लिरांतच ठेवले, तर वर्षाने १ लाख १७ हजार लिरा हाती येतात. बँकेने शब्द मोडला नाही. एक लिराही कमी दिला नाही. परंतु वर्षअखेर लिराचा भाव ५ रुपये ६० पैशांच्या आसपास आला होता. त्या भावाने या रकमेचे झाले सुमारे ६ लाख ५५ हजार रुपये! व्याज १७ टक्के मिळाले आणि पदरी तिसरा हिस्सा तूट आली.

असे का झाले? लिराची ४३ टक्के घसरण झाली. म्हणजे दर शंभरातले ५७ उरले आणि त्या ५७ वर १७ टक्के चढून ते ६७ झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्याज हे घसरलेल्या मुद्दलावर मोजले जाते. म्हणून १७ टक्के व्याज पुसून टाकण्यास १७ टक्के घसरण लागत नाही, साडेचौदा टक्के पुरते. आणि इकडील ५ टक्क्यांशी तुलना करावयाची, तर लिरा ९ रुपये ८० पैशांवरून ८ रुपये ८० पैशांवर आला की दोन्ही पारडी सारखी होतात. त्याखाली गेला की तोटा सुरू. ठेव ठेवण्यापूर्वी हा एक आकडा प्रत्येकाने कागदावर काढून पाहावा. त्यास त्रैराशिकापलीकडे काही लागत नाही.

आता मुळाकडे जाऊ. एखाद्या देशातील बँक १७ टक्के देते ती औदार्याने नव्हे. जेथे भाववाढ जोराची असते, तेथे लोक आपले नाणे हाती ठेवण्यास नाखूष असतात आणि त्यांना राजी करण्यासाठी अधिक व्याज द्यावे लागते. म्हणजे व्याजाचा मोठा भाग हा नाण्याच्या झिजेची भरपाई असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात नाण्याच्या खरेदीशक्तीच्या स्थैर्यावर भर दिला होता, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. घरात ज्या नाण्याची खरेदीशक्ती खचते, त्याचा परदेशातील भाव फार काळ टिकत नाही.

तुर्कस्तानात तर आणखी एक गोष्ट घडली. भाववाढ चढती असताना तेथील मध्यवर्ती बँकेने आपला दर सप्टेंबर २०२१ ते डिसेंबर २०२१ या चार महिन्यांत १९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणला. झिजेची भरपाईच कमी झाल्यावर लोक लिरा सोडून डॉलरकडे धावले. २० डिसेंबर रोजी डॉलर १८ लिरांच्या वर गेला. त्याच दिवशी सरकारला जाहीर करावे लागले की, लिरांत ठेव ठेवणाऱ्याचे हुंडणावळीतील नुकसान सरकार भरून देईल.

परंतु यावरून 'परदेशी व्याज म्हणजे फसवणूक' असा सिद्धान्त काढणे घाईचे होईल. त्याच देशात २०२३ च्या मध्यापासून धोरण उलटे फिरले आणि मार्च २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेचा दर ५० टक्क्यांवर गेला. २०२४ सालात लिरा सुमारे २ रुपये ८२ पैशांवरून २ रुपये ४२ पैशांवर घसरला खरा. पण ठेवीवर ४५ टक्के मिळाले असे धरले, तर कर वगळता १०० रुपयांचे सुमारे १२४ झाले. तेच नाणे, तेच गाव. एका वर्षी पाण्यात, दुसऱ्या वर्षी फायद्यात. अडचण एवढीच की, आरंभी उभे असताना ते वर्ष कोणत्या जातीचे आहे हे कळत नाही.

"मग तेथेच डॉलरचे खाते उघडावे," असे कोणी सुचवील. त्याने हुंडणावळीचा धोका टळतो, त्या देशाच्या कायद्याचा टळत नाही. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये बँकांतून पैसे काढण्यावर बंधने आली, आणि २००२ साली डॉलरच्या ठेवी एका डॉलरास १.४० पेसो या दराने सक्तीने पेसोत बदलण्यात आल्या. बाजारात डॉलर तेव्हा त्याहून कितीतरी महाग झाला होता.

आपला रुपयाही या धड्यास अपवाद नाही. आखाती मुलखांत पूर्वी रुपयाच चाले; १९५९ पासून रिझर्व्ह बँक त्यासाठी निराळ्या नोटा काढीत असे. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन झाले, डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला, आणि दुबईत रुपयांत शिल्लक टाकणाऱ्याच्या थैलीस एका रात्रीत गळती लागली. आज दुबईचा दिरहम डॉलरशी बांधलेला आहे, तेव्हा तेथील आपल्या लोकांपुढे प्रश्न उलटा उभा राहतो : अधिक व्याज इकडे, आणि घसरण्याचा धोकाही इकडे. २०१० च्या अखेरीस डॉलर ४५ रुपयांच्या घरात होता, २०२० च्या अखेरीस ७३ च्या. म्हणजे सरासरीने वर्षास सुमारे ५ टक्के झीज झाली.

यातून आम्ही एकच नियम काढतो : पैसा ज्या नाण्यात खर्च होणार, त्या नाण्यात तो साठवावा. परगावचे भाडे, किराणा आणि सहा महिन्यांची अडीअडचण, एवढे तेथील नाण्यात ठेवावे. त्यावर चांगले व्याज मिळाले तर ते भाववाढीशी झुंजण्यास उपयोगी पडते. घराचे कर्ज रुपयांत असेल, तर त्याची रक्कम दरमहा रुपयांत यावी. दुबईत राहून जो म्हातारपणी साताऱ्यास परतणार आहे, त्याने रुपयाच्या घसरणीचा फार धसका घेऊ नये. पण ज्याच्या मुलीची फी डॉलरांत भरावयाची आहे, त्याने अनिवासी भारतीयांसाठी आपल्या बँकांत जी परकीय चलनातील मुदतठेव असते, तिचा विचार करावा. तीत व्याज कमी, पण हुंडणावळीची चिंता ठेवीदारास नाही. याउपर जे उरेल, आणि जे निम्मे झाले तरी घरातील कोणाची झोप उडणार नाही, ते खुशाल अधिक व्याजाच्या मागे लावावे.

आमच्या त्या तरुणाने निम्मी रक्कम इकडे पाठविली होती, निम्मी तेथे ठेवली होती. कर्ज फिटण्यास त्याला ठरल्याहून दीड वर्ष अधिक लागले. तो म्हणतो, "व्याजाचा दर मी रोज पाहत होतो, मुद्दल कोणत्या नाण्यात आहे, हे पाहण्याचे राहून गेले." आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी पुढच्या वेळी बोलताना व्याजाच्या आधी ही दुसरी गोष्ट विचारावी, एवढीच आमची विनंती आहे.