रीफ अ‍ॅक्वेरियम घ्यायचंय? लाइटच्या आधी कायदा, पाणी आणि विजेचा हिशेब करा

निळ्या प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्यातून फिरणारे क्लाउनफिश मोबाइलवर पाहिले, की अनेकांना हॉलमध्ये असा टँक असावा असं वाटतं. मग खरेदी सुरू होते ती सर्वांत महागड्या लाइटपासून. खरं तर क्रम उलटा हवा. कोणते जीव ठेवायचे हे आधी ठरलं, की उपकरणांची यादी आपोआप छोटी होते. ते कसं, हे समजून घेऊया.

आधी कायदा का पाहायचा?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाला आहे तेच संरक्षण त्यांनाही आहे. समुद्रघोडेही याच यादीत आहेत. या गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. मालवणचा किनारा असो वा लक्षद्वीप, तिथून प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणणं हा गुन्हाच आहे.

त्यामुळे नवशिक्यांनी मश्रूम, लेदर, झोअँथिड अशा मऊ प्रवाळांचाच विचार करावा. तेही परदेशातून आलेले असतील, तर विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं मागावीत. ‘लाइव्ह रॉक’ऐवजी कृत्रिम सिरॅमिक दगड घ्यावेत. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असतं. म्हणून हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

टँक किती मोठा?

लहान टँक स्वस्त पडतो, पण सांभाळायला अवघड असतो. पाणी कमी असलं, की तापमान आणि क्षारता झपाट्याने बदलते. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे तीन फुटी टँक सुरुवातीला चांगला. त्यात सुमारे १८० लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू आणि स्टँड धरून वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं. तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमजवळ ठेवा. इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा.

नळाचं पाणी चालेल का?

नाही. त्यातील नायट्रेट, फॉस्फेटमुळे शेवाळ वाढतं. तांब्याचा अंश तर कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांसाठी घातक असतो. घरातला पिण्याचा आरओही पुरेसा नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार राखलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा असलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं युनिट घ्या. या पाण्यात समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिसळतात. क्षारता ३५ पीपीटीच्या आसपास आहे की नाही, हे रिफ्रॅक्टोमीटरवर तपासा.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. हे काम करणारं ऑटो टॉप-ऑफ युनिट मीठ पाहता लवकर घ्यावं.

पंखा की चिलर?

रीफ टँकला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पाणी फार तापलं, की प्रवाळ आपल्या पेशींतील शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर लावलेला पंखा बाष्पीभवनामुळे चांगला गारवा देतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, तिथे चिलर लागतोच. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो. त्यामुळे तो बंद कपाटात कोंडू नका.

बाकी काय लागतं?

• वेव्हमेकर : प्रवाळ जागचे हलत नाहीत. अन्न आणि ऑक्सिजन त्यांच्यापर्यंत प्रवाहच पोहोचवतो. एका मोठ्या पंपापेक्षा समोरासमोर दोन छोटे बरे.
• प्रोटीन स्किमर : बारीक बुडबुड्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण सडण्याआधीच बाहेर काढतो.
• लाइट : मऊ प्रवाळांना मध्यम क्षमतेचा, निळ्या छटेचा एलईडी पुरतो. टायमरवर ८ तास चालवा.
• टेस्ट किट : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी मोजणारं. यात काटकसर नको.

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि डोसिंग पंप कठीण प्रवाळांच्या टँकसाठी असतात. तुमचे प्रवाळ मऊ असतील, तर हा खर्च वाचला.

वीजबिल किती वाढेल?

उदाहरण घेऊ. १०० वॉटचा लाइट ८ तास, तर पंप, वेव्हमेकर, स्किमर मिळून ५० वॉट दिवसभर, म्हणजे रोज २ युनिट. २०० वॉटचा चिलर दिवसात १० तास चालला, तर आणखी २ युनिट. महिन्याला १२० युनिट झाले. टप्पेवार दरांत हे युनिट वरच्या टप्प्यात मोजले जातात, हेही लक्षात घ्या.

वीज गेली, की सगळ्यात आधी ऑक्सिजन घटतो. म्हणून निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर ठेवा किंवा बॅटरीवरचा एअर पंप जवळ बाळगा. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्याने आरसीसीबी बसवून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

मासे कधी आणायचे?

सगळं जोडल्यावर लगेच नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगड-वाळूत वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर स्थिर झाले, की एक-दोन कणखर मासे आणा, प्रवाळ त्यानंतर. बजेट अपुरं पडत असेल, तर लाइटचं मॉडेल खाली आणा किंवा खरेदी दोन महिने पुढे ढकला. पाणी, तापमान आणि विजेच्या सुरक्षेवर मात्र तडजोड करू नका. तिची किंमत टँकमधले जीव मोजतात.